मामांनी ओट पेरला तेव्हा

हवामानाशी वैयक्तिक वैर धरणारा माणूस अख्ख्या गोव्यात एकच आहे, आणि तो मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. पाऊस तुमच्या-आमच्यावर पडतो. मामांवर तो चालून येतो. ऊन तापलं की आपण सावलीत सरकतो आणि विषय संपवतो. मामा सरकत नाहीत. ते अंगणाच्या मधोमध उभे राहतात, कपाळावर हाताची पन्हाळ धरतात आणि सूर्याकडे 'अस्सं? बरं, बघून घेईन' अशा नजरेने पाहत राहतात. पावसाने आठवडाभर दडी मारली की घरात त्याचं नावसुद्धा काढायचं नाही असा त्यांचा दंडक आहे. "ताका किंमत दिवंची न्हय," म्हणतात. मग तो आला की व्हरांड्यात त्याच्याकडे पाठ करून खुर्ची टाकतात आणि बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत बसतात, आणि तो निघून तर गेला नाही ना, याची मधूनच हळूच मान वळवून खात्री करून घेतात. मी मूळचा पेडण्याचा, धंद्यासाठी डिचोलीत येऊन राहिलेला. बाजारात माझं नळ-पाइपांचं दुकान आहे. माझ्या पेडणेकरपणाचा जाब मामा मला आजतागायत विचारतात तोही पावसावरूनच. लग्नाच्या मांडवात त्यांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य असं होतं: "तुमच्या पेडण्याचो पावस आळशी, जांवय. सांजवेळा येता, चार थेंबे शिंपडायता आनी घरा वता. आमचो डिचोलेचो पावस ड्युटी करता."

ड्युटी हा त्यांचा जीव की प्राण. उभा जन्म त्यांनी सरकारी बसगाड्यांवर तिकीट तपासनीस म्हणून काढला. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, पण निवृत्त झाले ते फक्त सरकारदरबारी. आजही पणजीला जायला बसमध्ये चढले की ते आधी शेवटच्या बाकापर्यंत एक फेरी मारतात, दोन्ही बाजूंना नजर टाकतात आणि मगच पुढे येऊन बसतात. एकदा खाजगी बसमध्ये एका भाबड्या बाईने त्यांचा तो थाट पाहून आपण होऊन तिकीट त्यांच्या हातावर ठेवलं. मामांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, "बरें आसा" असं म्हणून परत दिलं आणि नंतर घरी येईपर्यंत त्यांची कळी खुललेली होती. देवळात दर्शनाच्या रांगेत ते उभे राहिले की मागचापुढचा माणूस आपोआप सरळ उभा राहतो. लग्नाच्या पंगतीत आहेराची पाकिटंसुद्धा त्यांनी तपासली असती, पण मामींनी त्यांना तशा प्रसंगी शेजारीच बसवून ठेवण्याची खबरदारी घेतलेली असते.

मामींविषयी सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा उपद्व्याप त्यांच्यामुळे घडला. मामी ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोललेला शब्द न बदलणाऱ्या. मामा जगाला अडवून दाखवत, मामी मामांना. या घरात नवरी म्हणून आल्यापासून त्यांनी घरच्या शेताबाहेरचा तांदूळ शिजवलेला नाही. दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला खारातली कैरी किंवा काल उरलेली कढी, हा त्यांचा नेम. बाहेर कुठे पानावर बसल्या तर यजमानीणबाईंना आधी विचारणार, "भात खंयच्या शेतांतलो?" त्यात आढ्यता नाही, संशयही नाही. माणसाची ओळख करून दिल्याशिवाय आपण त्याच्याशी बोलत नाही, तशी त्यांना धान्याची ओळख लागते एवढंच.

तर त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर मामींना चढणीवर छातीत दुखलं. त्यांचं घर शिरगावच्या वाटेवर, टेकाडाच्या पोटाला. शेत खाली सखल भागात, आणि मध्ये दगडी पायऱ्यांची उतरण. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उतरण-चढण बंद, भाताची पेज बंद, नारळ जवळजवळ बंद, आणि रोज सकाळी ओट खायचे. मामा त्याच दिवशी बाजारातून पाकीट घेऊन आले. मामींनी ते शिजवलं, एक कुलेरभर, म्हणजे चमचाभर, तोंडात घातलं, ती कुलेर बशीत ठेवली आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "ज्येचें शेत हांवें पळोवंक ना, तें हांव तोंडांत घालची ना." झालं. आम्ही समजूत घातली, माझी बायको रडली, मामा ओरडले. काही उपयोग झाला नाही. मी म्हटलं, मग नाचणीची पेज घ्या, नाचणी तर ओळखीची आहे. त्यावर मामी म्हणाल्या की डॉक्टरांनी ओट सांगितलाय, नाचणी नव्हे. म्हणजे डॉक्टरांचा शब्द मोडायचा नाही आणि स्वतःचाही मोडायचा नाही. मधल्यामध्ये सकाळचं खाणंच बंद. कोऱ्या चहावर त्या दुपार गाठू लागल्या. हातातली कांकणं कोपरापर्यंत सरकायला लागली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की हे असंच चाललं तर हे हृदय फार दिवस साथ देणार नाही.

परतीच्या बसमध्ये मामांनी फेरी मारली नाही. मी बरोबर होतो म्हणून सांगतो. ते दारात चढले आणि समोरच्या पहिल्या बाकावर बसले, मामींची पिशवी मांडीवर घेऊन. डिचोलीला उतरून मामी लिंबं घ्यायला पुढे गेल्या तेव्हा ते माझा दंड धरून म्हणाले, "जांवय, ती ना जाल्यार हांव कोणाकडेन झगडूं?" मामा भ्यायलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, आणि भ्यायलेले मामा बघवत नाहीत. लिंबं घेऊन मामी परत आल्या तोवर मात्र त्यांचा चेहरा पुन्हा तपासनीसाचा झाला होता. "शेत पळोवंक जाय न्ही तिका?" माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले. "शेत दाखयतां."

गोव्यात ओट! मी हसलो. पण मामांच्या खालच्या शेतात पावसाळी भात निघाल्यावर वायंगणाचं, म्हणजे हिवाळ्यातलं दुसरं, पीक घेतच असत, आणि ओट हे हिवाळी पीक, एवढं त्यांनी कुठूनसं काढलं होतं. बियाण्याचा प्रश्न माझ्या दुकानात सुटला. आजऱ्याकडचा एक गवंडी माझ्याकडे पाइपांचे जोड न्यायला यायचा. त्याला सहज विचारलं तर तो म्हणाला, "ओट? हुतोय की. म्हसरास्नी घालतोय आमी. हिरवा कापायचा आन् चारायचा." दाण्यासाठी कुणी ठेवत नाही का, असं विचारल्यावर त्याने डोकं खाजवून सांगितलं की ठेवलाच तर धरतोय दाणा, पण एवढी वाट बघतोय कोण. मी मामांना बजावलं की म्हशींचं तेवढं मामींच्या कानावर जाऊ देऊ नका. मामा म्हणाले, खुळा आहे की काय मी. आणि पुढल्या रविवारी तो गवंडी गावाहून बियाण्याची पिशवी घेऊन थेट मामांच्या व्हरांड्यात हजर झाला आणि मामींनी दिलेलं सरबत पीत पीत त्याने त्यांना म्हशींच्या आवडीनिवडी सविस्तर सांगितल्या. "म्हशीक घालतात?" मामींनी विचारलं. "तर हो! लई दूद देत्यात, मावशी," तो कौतुकाने म्हणाला. मामी बराच वेळ मामांकडे बघत राहिल्या. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामा मला नंतर म्हणाले.

पेरणी झाली आणि हवामानाने बाह्या सरसावल्या. कार्तिक सरत आलेला, आभाळ धुतल्यासारखं निळं, आणि तिकडे अरबी समुद्रात कुठेतरी वादळ उठलं. दोन दिवस धो धो पाऊस. काळजीने मी स्कूटर काढून गेलो तर मामा शेतात छत्री धरून उभे. ती छत्री त्यांच्या डोक्यावर नव्हती. खाली वाकून त्यांनी ती वाफ्यावर धरली होती. स्वतः नखशिखांत निथळत होते. मी ओरडून म्हटलं, मामा, एका छत्रीने कितीसं वाचणार? तर बांधालगतचा तो तुकडा दाखवत म्हणाले, "हें कुणगें मेरेकडलें, हांगा उदक चड येता." बाकी शेतात बियाणं पाण्याखाली बुडून कुजलं, आणि छत्रीखालचंही कुजलंच. पाणी ओसरल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा पेरलं. पाऊस परत आला नाही. मामांच्या मते त्याला लाज वाटली.

दुसरी पेर उगवली तेव्हा त्यांनी मला दुकान बंद करून बोलावून घेतलं. बोटभर हिरवी पाती, भाताच्या रोपांहून जरा रुंद, वाऱ्यावर डुलणारी. मामा बांधावरून हात मागे बांधून हिंडत होते आणि एकेका ओळीपाशी थांबून वाकून बघत होते, जणू कुणीतरी पाती लपवून बसलं आहे. त्यांना आता हवी होती ती थंडी. ओटाला गारवा लागतो हे एव्हाना घरातल्या मांजराला पण पाठ झालं होतं. आणि थंडी येईना. मार्गशीर्ष लागला तरी दुपारी कपाळावर घाम. पातींची टोकं पिवळी पडायला लागली. तेव्हा मामांनी ट्रंकेतून कानटोपी आणि जाड लोकरीचा स्वेटर काढला आणि ते तशा थाटात डिचोलीच्या बाजारात हिंडू लागले. भर दुपारी, अंगातून घामाच्या धारा. लोक तब्येत विचारू लागले. मासळीवालीने तर मलेरिया ठरवूनही टाकला. मी त्यांना दुकानात ओढून पंख्याखाली बसवलं आणि हा काय प्रकार म्हणून विचारलं. ते म्हणाले, "थंडयेक कळूंक जाय, तिची कोणतरी वाट पळयता." त्याच आठवड्यात एका पहाटे खरोखरच कडाका पडला. मामांनी लगेच स्वेटर काढून ट्रंकेत ठेवला. आली आहे ती, आता तिला उगीच चिडवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

पौषातले ते दिवस मामांचे वैभवाचे. सकाळी दवाने जड झालेली पाती, धुक्यातून डोकं वर काढणारं गुडघाभर पीक, आणि बांधावर मामा. वाटेने जाणाऱ्याला थांबवून ते शेत दाखवत, "ओट," एवढंच म्हणत आणि गप्प राहत. मामी वरून विचारत, "म्हाका केन्ना दाखयतले?" मामा सांगत, पिकू दे, कणीस भरू दे, मग तुला पालखीतून नेतो. तिकडे मामींचा हट्ट मात्र कायम होता. सकाळी चहा, कोरा. कणसं लवकर भरावीत म्हणून मामा जी घाई करत होते ती कुणासाठी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मग पाती लाल झाली.

आमच्या डिचोलीत वाढलेल्या माणसाला लाल रंगाचं नवल नाही. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाच्या ट्रकांनी आमचं सगळं लाल केलं होतं. झाडं लाल, छपरं लाल, दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी लाल. गावातली सगळी कुत्री एकाच रंगाची, त्यामुळे कुणाचं कुठलं यावरून भांडणं. मग खाणी बंद पडल्या, दोन-चार पावसांनी झाडं धुऊन काढली आणि पानं हिरवी असतात हे नव्या पिढीला कळलं. त्या हिवाळ्यात मात्र ट्रक परत धावू लागले होते. तेव्हा ओटाच्या पातीवर नारिंगी-लाल भुकटी दिसताच आम्हा कुणालाच दुसरी शंका आली नाही. मी स्वतः पातीवरून बोट फिरवलं, बोट लाल झालं, आणि मी मान डोलावून म्हटलं, "खनीज." शेजारीपाजारी जमले, त्यांनीही बोटं फिरवली, तेही म्हणाले खनीज. इतकं एकमत आमच्या गावात एरवी कशावर होत नाही.

मामांचा तपासनीस जागा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. त्या हातात चाळीसेक वर्षांची सवय होती, ट्रक थांबलाच. मागचा थांबला, त्याच्या मागचा थांबला. मामा प्रत्येक ट्रकाला प्रदक्षिणा घालत, ताडपत्री नीट बांधली आहे का बघत आणि मगच हात खाली करत. चालक बिचारे उतरून कागद दाखवू लागले. रस्त्यावर पाणी मारणारा टँकर आला तेव्हा मामांनी त्यालाही अडवला आणि त्याच्याकडून धूळ बसवण्याऐवजी धूळ धुऊन घेतली, म्हणजे टँकरची नळी बांधावरून शेतात नेऊन पिकाला आंघोळ घातली. नळी कमी पडत होती, ती मी दुकानातून आणून दिली. हे रोज सकाळी. रोज संध्याकाळी पाती जास्त लाल. आम्ही जास्त पाणी मारलं, ती आणखी लाल झाली. मामा ट्रकवाल्यांवर जास्तच खवळले. शेवटी पुरावा म्हणून त्यांनी एक पाती खुडली, ती तळहातावर धरून पायऱ्या चढून घरी आणली आणि व्हरांड्यात आमसोलं निवडत बसलेल्या मामींसमोर धरली. "पळय, तुजें जेवण कशें केलां तांणी!"

मामींनी अंगठा जिभेला लावून ओला केला, पातीवरून फिरवला. भुकटी निघाली. मग नखाने खालचा ठिपका खरवडून पाहिला. पाती उलटी केली, तिथेही ठिपके. "धूळ वयल्यान पडटा," त्या म्हणाल्या. "ही भितरल्यान फुटल्या. हो रोग." आणि पुन्हा आमसोलांकडे वळता वळता विचारलं, "आनी रोगाक तुमी रोज न्हाणयतात?"

व्हरांड्यात मी, मामा आणि दोन शेजारी होतो. कुणीही कुणाकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी शेतकी खात्याच्या तरुण बाई आल्या आणि त्यांनी सांगितलं की हा तांबेरा. दव-धुक्यात तो धरतो, आणि पाती ओली राहिली की हातपाय पसरतो. "तुम्ही वरून पाणी तर मारत नाही ना?" त्यांनी विचारलं. मामांनी खोकून वेळ मारून नेली. पण मामांचा न्याय म्हणजे न्याय. त्यानंतरच्या सकाळी ते परत रस्त्यावर उभे राहिले, हात वर करून त्यांनी एकेक ट्रक थांबवला आणि प्रत्येक चालकाला वर बघून हात जोडले. "तुमची चूक नाशिल्ली. म्हजी चूक." माफी मागण्यासाठी झालेला तो खोळंबा आरोपांच्या खोळंब्यापेक्षा मोठा होता, आणि शेवटच्या काही चालकांना तर आपण कशातून सुटलो हेच माहीत नव्हतं.

पाणी मारणं थांबलं, फवारणी झाली, तांबेरा जरा आटोक्यात आला. मग मावा आला. कोवळ्या कणसांवर दाटीवाटीने बसलेले हिरवे किडे पाहून मामा म्हणाले, सगळे बिनतिकिटाचे. ते चिमटीने एकेकाला उतरवू लागले. संध्याकाळपर्यंत एक कणीस मोकळं झालं. माव्यामागोमाग मोर आले. माव्यासाठी औषध आहे. मोराला काय करणार, तो राष्ट्रीय पक्षी. मामांनी त्याच्याशी वाद घातला, तो ऐकून घ्यायचा आणि कणसं टिपत राहायचा. आणि हे सगळं निभावून जे उभं होतं त्यावर फेब्रुवारीचं ऊन पडलं. थंडी एका दिवसात उठून गेली, निरोपसुद्धा न घेता. दाणा भरायची वेळ, आणि वारा भट्टीसारखा. कणसं हाताला लागायची ती हलकी, पोकळ. एका दुपारी वावटळ आली आणि निम्मं पीक आडवं करून गेली. मामांनी त्या दिवशी सूर्याकडे बघितलं नाही, त्याला काही बोललेही नाहीत. बांधावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला फोन आला तो मामांचा नव्हता, मामींचा. मामी फोन करत नाहीत. "जांवय, येयात. म्हाका सकयल व्हरात," मला खाली न्या, एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी पोचलो तेव्हा व्हरांड्याच्या पायरीवर मामा वाट अडवून उभे होते. त्यांनी मला बाजूला ओढलं. आवाज खाली आणून ते म्हणाले की तिला नेऊ नका, तिने हे असलं शेत पाहिलं तर संपलंच. आज ती ओट ओळखीचा नाही म्हणून खात नाही, उद्या ओळखीचा झाला म्हणून खायची नाही. त्यांचं खरं होतं. इतक्या खटपटीने दाखवायला मांडलेलं शेत रोगट, मोडकं आणि मोरांनी खाल्लेलं होतं. असलं धान्य मामी उंबऱ्याच्या आतही घेणार नाहीत, हे मलाही कळत होतं. पण तोवर मामी चपला घालून पहिल्या पायरीवर पोचल्या होत्या.

उतरण आम्ही हळूहळू उतरलो. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने मामा. दर चार पायऱ्यांवर मामी थांबायच्या आणि मामा त्यांच्या श्वासाकडे कान लावायचे. खाली आलो. मामी बांधावर उभ्या राहिल्या आणि बघू लागल्या. लालसर पाती, लोळलेलं पीक, मधूनमधून उभी असलेली फिकट कणसं, पाण्याने बसलेला मेरेचा कोपरा, माझी नळी. मामा तपासणीत सापडलेल्या प्रवाशासारखे खाली मान घालून उभे. "औंदा हवोच बरो ना," ते पुटपुटले. मामींनी वाकून एक कणीस तोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली. फोलपटं उडाली. तळव्यावर एक-दोन बारके दाणे राहिले. ते त्यांनी दाताखाली चावून पाहिले.

"पाकिटांतल्याकय हें सगळें सोंसचें पडटा?" त्यांनी विचारलं.

मामांना प्रश्नाचा रोख कळेना. "पडटा आसतलें," ते वर सूर्याकडे हात करून म्हणाले. "पावस, रोग, वत. खंय चुकता?"

"म्हणजे थंयय तुमच्यासारको कोणतरी पिसो आसतलो."

मामा गोंधळले. "आसतलो," ते म्हणाले.

मामींनी तोंडातलं फोलपट काढून टाकलं, पदराने हात पुसला. "मागीर काडात तें पाकीट," त्या म्हणाल्या आणि वर जायला वळल्या.

त्या सकाळी मामींनी ओट शिजवले. मीठ, जिरं आणि थोडं ताक घालून केलेली पेज, बरोबर खारातली कैरी. त्या पाटावर बसून सावकाश खात होत्या आणि मामा समोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. वाटी रिकामी झाल्यावर मामींनी आपलं मत दिलं, "चव ना." पण दुसऱ्या दिवशी परत केली, आणि तिसऱ्याही दिवशी. पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. शेतात उरलेला ओट कापून शेजाऱ्यांच्या म्हशीला घातला. तिने तो मनापासून खाल्ला. त्यातली चार बरी कणसं मात्र मामींनी बाजूला काढली आणि गणेशचवथीच्या वेळी नव्या भाताची बांधतात तशी आंब्याच्या पानात गुंडाळून दाराच्या चौकटीला बांधली. ओट दाराला बांधलेलं घर डिचोलीत दुसरं नसावं.

मामांनी परत ओट पेरला नाही. त्या शेतात आता वायंगणाला अळसांद्याची चवळी आहे. पण ज्याचं वैर एका तालुक्याच्या हवामानाशी होतं त्या माणसाला आता आणखी एक आघाडी मिळाली आहे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की धान्य ऑस्ट्रेलियातलं. मामांनी ते भिंग लावून वाचलं आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नाही. तिकडचे ऋतू उलटे, आपल्याकडे धो धो पावसात छपरं गळत असतात तेव्हा तिकडे ओट उभा असतो, हे कळल्यावर तर त्यांची भर आषाढातली झोप उडाली. मग सकाळी दुकान उघडून मी उदबत्ती लावत असतो तोच फोन वाजतो. "जांवय, मातशें पळयात. ऑस्ट्रेलियांत आज पावस आसा?" मी पहिल्यांदा विचारलं होतं, "ऑस्ट्रेलियांत खंय, मामा?" ते म्हणाले, "ओट आसा थंय." ऑस्ट्रेलिया किती मोठा देश आहे हे त्यांना समजावण्याचा नाद मी सोडून दिला आहे. मी मोबाइल काढतो, तिथल्या एखाद्या गावाचं हवामान बघतो आणि सांगतो. कधी ऊन, कधी ढग. मागे एकदा वादळ होतं. ते मी सांगितलं तर मामा हळूच म्हणाले, "तो छत्री घेवन गेलो आसतलो." तो म्हणजे तिकडचा 'पिसो', हे विचारावं लागलं नाही.

परवाही फोन आला. मामांना आता थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागतं, आणि सगळ्या बाजाराला ऑस्ट्रेलियाचं हवामान कळतं. "आज थंय वत आसा, मामा, बरें वत," मी तिथलं ऊन ओरडून सांगितलं. "बरें जालें," ते म्हणाले. मागून मामींचा आवाज आला, "कितें म्हणटा तो?" आणि मामा फोन तसाच हातात धरून त्यांना सांगू लागले की तिकडे सगळं ठीक आहे, काळजीचं कारण नाही, तू खा सावकाश. वाटीवर कुलेर वाजल्याचा आवाज मला ऐकू आला. गिऱ्हाईक ताटकळत होतं, पण मी फोन ठेवला नाही. एक दिवस हा फोन येणार नाही, हे मला कळतं, आणि त्या दिवशी ऑस्ट्रेलियात लख्ख ऊन पडलेलं असलं तरी मला ते कुणाला सांगावं हे सुचणार नाही. म्हणून मामांचं बोलणं संपेपर्यंत मी नुसता कानाला फोन लावून उभा राहिलो.